उधाणाची ओहोटी

सकाळी साडेसातला ती दाभोळच्या धक्क्यावर आली.
कोकमाच्या आगळाचा रंग,
आणि बुटकी इतकी की खालून मांजर वाकून जाईल.
मी तिकिटबुक काखेत धरून म्हटलं, नाही.
आज अमावास्या. उधाणाची ओहोटी.
फेरीबोटीचा रॅम्प बघा कसा लोंबतोय झावळीसारखा.
नाक घासेल. दहापर्यंत थांबा.

मालक दातांचा डॉक्टर, साळवेकर, पुण्याचा.
बरोबर मित्र शहापूरकर, ज्याला ही गाडी परवडत नाही
पण हिच्यातलं सगळं कळतं.
रात्री दोनला निघालेले, ताम्हिणीपासून भांडत आलेले.
गिअर हातानं टाकायचा असतो, शहापूरकर म्हणाला,
आपोआप पडतो त्याला गिअर नाही, पेन्शन म्हणतात.
मशीन माझ्यापेक्षा जलद टाकतं,
मग मी मध्ये का पडू?
मध्ये पडायचे तर पैसे दिलेस, गाढवा.

ऐकता ऐकता माणसं जमली.
दिगा बाईतानं विचारलं, इंजिन कुठाय?
मागं.
म्हंजे माझ्यासारखीच की!
आणि त्यानं आपल्या रिक्षाचं मागचं झाकण उघडून दाखवलं,
जणू घरचा देव्हारा.
वजन मागं, म्हणून चढाला पकड,
पण ओल्या वळणावर ढुंगण आधी निघतं, काय?
शहापूरकर थक्क.
अहो, जर्मन इंजिनियर जन्मभर हेच सोडवत बसलेत.
मी पोत्यानं सोडवलं, दिगा म्हणाला.
पायाशी, रेतीचं.

इम्तियाज परकार अठरा वर्षं दोह्याच्या गॅरेजात होता.
त्यानं हात लावला नाही, कान लावला.
मग म्हणाला, टर्बो नव्हता तेव्हा ही गायची.
आता उशीत तोंड खुपसून रडल्यासारखी.
डॉक्टरला ते लागलं.
त्यानं पाय दिला,
खाजणातले बगळे उठले,
जाळं सांधत बसलेल्या धर्मा तांडेलानं मान वर केली.
सहा सिलिंडर?
सहा. आडवे.
माझ्या होडीत दोन. उभे. माल किती मावतो?
दोन बॅगा. पुढे.
धर्मानं सुईत दोरा ओवला.

किमतीचं कुणी काढलं नाही.
इथं बागेची किंमत विचारत नाहीत,
मोहोर कसा आहे विचारतात.

दहा वाजून दहा. खांबावरच्या कालवांचा तिसरा पट्टा बुडाला.
मी दोन फळ्या तिरक्या टाकल्या.
इम्तियाज धुतल्या लुंगीनिशी शेवाळावर पालथा,
गाल जमिनीला, एक हात हवेत:
ये. ये. बोटभर डावी. ये. थांब म्हटलं ना!
एक बारीक कर्र.
डॉक्टरचा चेहरा असा
की पहिल्यांदाच त्याचीच दाढ कुणी उपटली.
काय नाय, फळी आहे, फळी, इम्तियाज ओरडला.
फळी नव्हती, हे त्याला आणि मला माहीत.

पलीकडे धोपाव्याला ती उतरली, चढाला लागली.
आम्ही रिकाम्या बोटीत कठड्याला धरून ऐकत उभे.
दुसरा, इम्तियाज म्हणाला.
तिसरा.
चौथा, दिगा म्हणाला.
हट्, तिसराच आहे, ताणलाय.
चौथा!
मी त्या चढावर अकरा वर्षं बर्फाचा टेम्पो मारलाय.
फणसाच्या वळणावर दुसराच लागतो, कुणालाही.
आवाज एकदम खाली आला.
मशीननं टाकला की डॉक्टरनं, ते कळलं नाही.

मग मी हिशेब घेतला:
एक कार, आतली दोन माणसं,
आणि आणखी दोन तिकिटं, पायी,
दिगा आणि इम्तियाज,
ज्यांना पलीकडे काडीचं काम नव्हतं.
परतीची दोन मी फाडली नाहीत.
ते अजून तिसरा-चौथा करत होते.